सोप्या विषयाचा शोध

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नामपूर येथे, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



पारितोषिके वाटण्यापूर्वी विद्यार्थ्यांना चार शब्द सांगावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी ती नाकारणार होतो. समारंभाच्या दिवशी मुलांचे सारे लक्ष व्यासपीठावर मांडलेल्या ढालींकडे असते आणि पालकांचे लक्ष मागच्या मंडपातून येणाऱ्या जेवणाच्या वासाकडे. मधल्या वेळात बोलणाऱ्याने मुकाट्याने बोलावे आणि खाली बसावे, हा शिष्टसंप्रदाय मला ठाऊक आहे. तरीही मी उभा राहिलो, याचे कारण असे की गेली सात वर्षे आपल्या गुणगौरव समितीचा निमंत्रक या नात्याने मी मुलांच्या गुणपत्रिका तपाशीत आलो आहे, आणि त्या तपाशीत असता एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. ती ज्यांच्यापुढे बोलावी ती माणसे वर्षातून एकदाच एकत्र येतात.

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की माझ्या ओटीवर मुलांची वर्दळ सुरू होते. मी पेशाने माध्यमिक शाळेतला शिक्षक, पुढे मुख्याध्यापक; महाविद्यालयाशी माझा तसा संबंध नाही. परंतु अर्ज कसा भरावा, कागद कोणते जोडावेत हे विचारायला मुले येतात, आणि मला त्यांचा सहवास आवडतो. पूर्वी ही मुले विचारीत, “सर, आर्ट्सला जाऊ की कॉमर्सला?” अलीकडे प्रश्न बदलला आहे. “सर, ओपन इलेक्टिव्हला सोपा विषय कोणता?” दहांतील आठ मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. मुलाच्या पाठीमागे उभे असलेले त्याचे वडीलही मान डोलावून म्हणतात, “हां, तेवढं सांगा, सर. जास्त मार्क पडतील असा बघा.”

येथे बसलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना हा ओपन इलेक्टिव्ह म्हणजे काय प्रकार आहे याची कल्पना नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२० साली केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. त्याला अनुसरून आपल्या राज्यातील विद्यापीठ-संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पदवीचा नवा आराखडा सुरू झाला. स्वायत्त महाविद्यालयांत तो एक वर्ष आधीच आला होता. आता विद्यार्थ्याने एक मुख्य विषय घ्यायचा, त्याच्या जोडीला एक गौण विषय घ्यायचा, आणि यांखेरीज कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे असे लहान लहान विषय पुरे करायचे. त्यांतच हा खुला ऐच्छिक विषय येतो. त्याचा नियम असा की तो आपल्या शाखेबाहेरचा असला पाहिजे. कला शाखेच्या मुलाने वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतील काही शिकावे, विज्ञानाच्या मुलाने कला शाखेतील. प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. वर्गात पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक असे ढोबळ माप आहे. एका सत्रात वीस ते बावीस श्रेयांक मिळवायचे असतात, आणि त्यांपैकी खुल्या ऐच्छिक विषयाचा वाटा दोन-चार श्रेयांकांचाच असतो. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची होते.

योजना कागदावर उत्तम आहे. शेतकऱ्याचा मुलगा इतिहास शिकता शिकता हिशेब शिकेल, रसायनशास्त्र शिकणारी मुलगी मराठी कविता वाचील, अशी तिच्यामागची कल्पना. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या यादीत विषय पन्नास असले तरी खेड्यातील महाविद्यालयात शिकवायला माणसे जेवढी, तेवढेच विषय उघडतात. कित्येकदा ‘निवड’ म्हणजे दोनांतून एक. आणि त्या दोनांतला सोपा कोणता हे वरच्या वर्गातील मुलांनी प्रवेशाच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले असते.

हा शोध आजचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या पिढीतील माणसांना अर्धमागधी आठवत असेल. जैन आगमांची ही प्राचीन भाषा आपल्या राज्यात कित्येक वर्षे ‘मार्कांची भाषा’ म्हणून ओळखली जात होती. संस्कृतची विभक्ती-प्रत्ययांची धास्ती घेतलेली मुले तिकडे वळत, उत्तरे पाठ करीत आणि चांगले गुण घेऊन बाहेर पडत. पुढे आयुष्यात त्या भाषेतील एक ओळही त्यांना आठवत नसे. त्यावरून विनोदही पुष्कळ झाले. परंतु त्याच काळात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात हाच विषय डॉ. आ. ने. उपाध्ये शिकवीत होते. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्यासारख्या गावातून आलेला हा माणूस १९३० साली तेथे अर्धमागधीचा अध्यापक झाला, आणि प्राकृत ग्रंथांच्या संपादनामुळे त्यांचे नाव देशाबाहेरील पंडितांच्या तोंडी झाले. बाहेर ज्या विषयाला सोपा म्हणून हसत होते, त्या विषयात एक माणूस आयुष्यभर खणीत राहिला आणि त्याला तळ लागला नाही.

त्याच्याही मागे जायचे तर खुद्द आपल्या मराठीची कथा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि पुढच्या दहाएक वर्षांतच पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषांना बाहेरची वाट दाखविण्यात आली. त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. मराठीत अभ्यासण्याजोगे वाङ्मय कोठे आहे, तिच्यामुळे पदवीचा दर्जा उतरेल, असा आक्षेप होता. सोप्या शब्दांत सांगायचे तर मराठी हा ‘सोपा विषय’ ठरला होता. न्यायमूर्ती रानडे यांनी तिला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९०१ साली, ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी, एम्. ए.च्या परीक्षेत देशी भाषांचा प्रवेश झाला. ज्ञानेश्वरी ज्या भाषेत आहे ती भाषा सोपी म्हणून नाकारणारे लोक मूर्ख नव्हते, चांगले विद्वान होते. तेव्हा एखाद्या विषयाला सोपा वा अवघड म्हणताना आपण जरा जपून बोलावे, असे मला वाटते.

साता समुद्रांपलीकडे अमेरिकेतही हेच घडले. तेथील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे १८६९ पासून १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्या पदावर होते. विद्यार्थ्याला त्याच्या आवडीचे विषय निवडू द्यावेत या मताचा त्यांनी इतका पाठपुरावा केला की सक्तीचे विषय जवळजवळ उरलेच नाहीत. परिणाम काय झाला? पुष्कळ मुलांनी आवड बाजूला ठेवून ज्या प्राध्यापकाचा हात सैल तो विषय धरला, आणि एकाही विषयात खोल न जाता प्राथमिक पाठांवर पदवी मिळवली. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी मग नियम केला की प्रत्येकाने एका विषयात खोल जायचे आणि बाकीचे विषय निरनिराळ्या शाखांतून घ्यायचे. आपला मुख्य विषय आणि शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, ही रचना त्याच घराण्यातली आहे. म्हणजे ज्या पळवाटेला बांध घालण्यासाठी एक नियम झाला, त्याच नियमात आपल्या मुलांनी पुन्हा वाट शोधली आहे! पाणी आणि विद्यार्थी यांना उतार बरोबर सापडतो.

दुसऱ्यांविषयी बोलून झाल्यावर आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे. मी अकरावीची जुनी एस्. एस्. सी. झालो तेव्हा नामपुरात महाविद्यालय नव्हते. आज येथेच पदवीपर्यंतचे शिक्षण मिळते, ही गोष्ट आजच्या मुलांना विशेष वाटत नाही. आम्हाला तालुक्याबाहेर खोली करून राहावे लागे, आणि आठवड्याला घरून भाकरीचा डबा एस. टी.ने येई. मला गणित बरे येत असे. पण कला शाखेच्या पहिल्या वर्गात गणिताऐवजी घेता येईल असा एक दुसरा विषय होता. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण त्या विषयाचा यात काहीच अपराध नाही. खोलीवरचे थोरले सोबती म्हणाले, “अरे, गणित कशाला घेतोस? याचे गाईड साठ पानांचे आहे, परीक्षक मनाचा मोठा आहे.” मी साठ पानांचे गाईड घेतले. गुण उत्तम मिळाले. वडिलांनी गावात पेढे वाटले.

पुढे बी. एड्.ला गेलो तेव्हा अध्यापन-पद्धती निवडण्याची वेळ आली. पदवीला जो विषय शिकला असेल त्याचीच पद्धती मिळते, हे मला तेथे कळले. गणिताची पद्धती मला मिळाली नाही. बी. एड्. होऊन बाहेर पडलो त्या वर्षी आमच्या भागातील शाळांना गणिताचे शिक्षक हवे होते. इतिहास-मराठीच्या शिक्षकांच्या रांगा लागल्या होत्या. दोन वर्षे मी बेकार होतो. त्या काळात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर खतावणी लिहीत बसलो. रोज शेकडो आकडे बेरजेस घेताना मनात येई, की जे मला येत होते आणि आवडत होते ते मी साठ पानांसाठी टाकले. शेवटी मराठीचा शिक्षक म्हणून नोकरी लागली, ती मी मनापासून केली, आणि तिच्याविषयी मला तक्रार नाही. परंतु बदली शिक्षक म्हणून गणिताचा तास घ्यायला मला कधी सांगितले, की त्या दिवशी मी शाळेत लवकर जात असे.

माझा अनुभव जुना झाला म्हणून कोणी तो झटकून टाकील, तर अलीकडचे पाहा. काही वर्षे दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घेण्याची मुभा होती. ज्या मुलांनी ते घेतले त्यांना दहावी सुलभ झाली, पण अकरावी विज्ञानाचे दार बंद झाले. आणि हे दार बंद होणार आहे हे कित्येक पालकांना निकालानंतर समजले. बारावी विज्ञानाला दोनशे गुणांचे द्विलक्षी विषय असतात. त्यांतले पीकशास्त्र आपल्या भागातील मुले गुणांसाठी घेतात. ज्याच्या घरी शेती आहे त्याने पीकशास्त्र घ्यावे यात वावगे काय? पण हा विषय घेतलेला एक मुलगा मला म्हणाला, “प्रात्यक्षिकाची वही तयार मिळते, सर.” त्याच्या घरची डाळिंबाची बाग तेल्याने गेलेली. कसमाद्यात त्या रोगाने किती बागांवर कुऱ्हाड चालवायला लावली, हे मी या सभेत सांगायला नको. तो रोग जिवाणूमुळे होतो, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून आणि छाटणीच्या कात्रीवरून पसरतो, रोगट बागेतील कलमांतून नव्या बागेत जातो, ही माहिती कृषिशास्त्राच्या पुस्तकांतून मिळते. ती त्या मुलाच्या हाती होती आणि त्याने दुसऱ्याची वही उतरवली. सोपा विषय शोधण्याच्या नादात आपल्या घराचाच विषय परका होतो, तो असा.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना हे अधिक लागू आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून दोनाऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला. त्याचे गुण १७५० पैकी ५००. आपल्या राज्य आयोगाने २०१२ साली वैकल्पिक विषय काढून टाकले होते, ते वर्णनात्मक परीक्षेबरोबर २०२५ पासून पुन्हा आले. आता पुण्याच्या पेठांतून पुन्हा तेच कुजबुजणे सुरू झाले आहे, की यंदा अमक्या विषयाला गुण पडतात. पदवीच्या तीन वर्षांत एखादा विषय ज्याने मनापासून वाचला असेल त्याला या कुजबुजण्याकडे कान द्यावा लागत नाही. ज्याने तीन वर्षे हलके विषय गोळा केले, त्याला पंचविसाव्या वर्षी नवा विषय पहिल्या पानापासून सुरू करावा लागतो, तोही वडिलांच्या पैशाने पुण्यात खोली घेऊन.

आणखी एक खंत सांगतो आणि मग मूळ मुद्द्याकडे येतो. नव्या आराखड्यात भारतीय ज्ञानप्रणाली हा दोन श्रेयांकांचा विषय आहे. ‘न वाचता पास’ असे मुलांनी त्याचे नाव ठेवले आहे. आपल्याच बागलाणातील मुल्हेरच्या बागुल राजांच्या आश्रयाने रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचले. ते १९१७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाले. आणि ती ग्रंथमाला ज्यांच्या राज्यात निघाली ते सयाजीराव महाराज जन्मले शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कौळाण्यात. मुल्हेरला लिहिलेले काव्य कौळाण्याच्या मुलाच्या राज्यात छापले गेले! साल्हेरचा किल्ला २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा आपल्या मुलांनी भ्रमणध्वनीवर त्याची छायाचित्रे एकमेकांना पाठवली. त्याच मुलांपैकी एकाने जरी त्या दोन श्रेयांकांसाठी साल्हेर-मुल्हेरवर दहा पाने लिहिली असती, तर मी ती या स्मरणिकेत छापा म्हणून संपादकांच्या दारी धरणे धरले असते.

आता मूळ मुद्दा. हे सारे ऐकून मुलांना वाटेल की म्हाताऱ्याने आपल्याला आळशी म्हणण्यासाठी सभा बोलावली. तसे नाही. गेल्या वर्षीच्या पारितोषिकांची एक हकिगत सांगतो. नावे सांगणार नाही आणि कोणी तर्क लढवू नये अशी विनंती आहे.

पदवीच्या प्रथम वर्षाच्या पारितोषिकासाठी दोन अर्ज अगदी जवळजवळचे होते. एक मुलगी आणि एक मुलगा. आपला नियम स्पष्ट आहे: ज्याची सरासरी जास्त त्याला पारितोषिक. मुलगी नऊ शतांशांनी मागे पडली. मी गुणपत्रिका पुन्हा पाहिली. बाकीच्या विषयांच्या एकूण बेरजेत ती पुढे होती; फक्त दोन श्रेयांकांच्या ऐच्छिक विषयात तिला दहापैकी सहा श्रेणीगुण होते. कला शाखेच्या या मुलीने वाणिज्य शाखेतील हिशेबाचा विषय घेतला होता. तिच्या वर्गातील बहुतेक मुलींनी दुसरा विषय घेतला होता आणि त्यांना नऊ-नऊ मिळाले होते. मी कागदावर मांडून पाहिले. सहाऐवजी नऊ मिळाले असते तर वर्षाच्या ४४ श्रेयांकांत तिची सरासरी सुमारे चौदा शतांशांनी वाढली असती, आणि पारितोषिक तिला मिळाले असते. मी समितीच्या निर्णयावर सही केली, कारण नियम तोच होता.

पुढे एके दिवशी ती ओढ्यापलीकडच्या रस्त्यावर भेटली. न राहवून मी विचारले, “बाळ, तो विषय का घेतलास?” ती म्हणाली, “आजोबा, कांदा विकून आलं की बाबा पट्टी माझ्या हातात देतात. हमाली, तोलाई, वजनातली घट, उचल घेतलेले पैसे, सगळं त्यात असतं. मला काही कळायचं नाही, आणि बाबांना वाटायचं पोरगी कॉलेजात जाते म्हणजे कळत असेल. म्हणून घेतला.” मी विचारले, “मग आता कळते?” ती म्हणाली, “आता मागची तीन वर्षंसुद्धा मांडून ठेवलीत.”

मंडळी, मी चाळीस वर्षे गुणपत्रिका वाचल्या. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

परंतु हकिगत येथे संपत नाही, आणि माझी खरी अडचण पुढेच आहे. ज्या मुलाला पारितोषिक मिळाले त्याच्याविषयीही मी चौकशी केली. त्याने खरोखरच हलका समजला जाणारा विषय घेतला होता. का? तो पहाटे पाचला उठून बाजारात गोण्या भरायच्या कामाला जातो, दहाला वर्गात बसतो आणि मुख्य विषय मन लावून शिकतो. दोन श्रेयांक तरी डोक्याला भार न देता मिळावेत, ही त्याची अपेक्षा होती. त्याला मी दोष देऊ? मला ते जमले नाही, आणि तुम्हालाही जमू नये. ज्याच्या दिवसात मोकळे तासच नाहीत त्याने एक ओझे कमी केले तर तो शहाणपणाचा हिशेब आहे. सोपा विषय घेणाऱ्या प्रत्येकाला चुकार ठरविणारे भाषण द्यायला मी उभा राहिलो असतो, तर त्या मुलाच्या तोंडाकडे पाहून मला खाली बसावे लागले असते.

तेव्हा दोघांपैकी चूक कोणाचीच नव्हती. चूक नियमाची होती, आणि तो नियम आपला होता. आपण ढालीवर टक्के कोरतो. लग्नाच्या बोलण्यात टक्के विचारतो. पाहुण्यांपुढे मुलाला उभे करून टक्के सांगायला लावतो. मग मुलाने टक्के देणारा विषय शोधला तर त्याने आपलेच ऐकले असे म्हणावे लागेल. त्या मुलीने आपले ऐकले नाही आणि तिला आपण रिकाम्या हाताने परत पाठवले. ज्या नऊ शतांशांसाठी हे झाले त्यांची किंमत तरी किती? संपूर्ण पदवीच्या १३२ श्रेयांकांत पाहिले तर त्या एका विषयातील तीन श्रेणीगुणांनी सरासरीत पाच शतांशही फरक पडत नाही. तीन वर्षांनी नोकरी देणारा तो फरक पाहणारही नाही. आपण मात्र त्यावर ढाल दिली.

विद्यार्थ्यांना व्यवहाराचे थोडे सांगतो, कारण अर्ज भरताना भाषण उपयोगी पडत नाही. विषय निवडण्यापूर्वी त्याचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि निदान घटकांची नावे वाचा. तो विषय कोण शिकवणार ते कार्यालयात विचारा. तासिका तत्त्वावरचा शिक्षक अजून नेमायचा असेल तर ‘सोपा’ विषय अर्धे सत्र शिक्षकाविना जातो, आणि मग तो फार अवघड होतो. ग्रंथालयात त्याची मराठी पुस्तके आहेत का ते पाहा. वरच्या वर्गातील मुलाला “किती पडतात?” असे विचारू नका, “त्यात काय शिकलास?” असे विचारा. त्याला दोन वाक्ये सांगता आली नाहीत तर उत्तर मिळाले असे समजा. पुढे बी. एड्. किंवा एम्. ए. करण्याचा विचार असेल तर गौण विषय निवडताना दुप्पट सावध राहा; खुल्या ऐच्छिकात चूक झाली तर दोन श्रेयांकांची, गौण विषयात झाली तर माझ्यासारखी. आणि आपल्या महाविद्यालयात दोनच विषय उघडले म्हणून निराश होण्याचे कारण नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे शिक्षणपीठ २०१७ पासून चालू आहे. त्यावरचे पाठ विनामूल्य ऐकता येतात, परीक्षेपुरते शुल्क पडते, आणि महाविद्यालयाने मान्यता दिली तर ते श्रेयांक पदवीत धरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्राच्या चाळीस टक्क्यांपर्यंत ही मुभा दिली आहे. मात्र आधी प्राचार्यांची संमती घ्या. नंतर गेलात तर कारकून ऐकणार नाही, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही.

घरी जे येते त्याच्या जवळचा विषय घेतला तर तो सोपाही जातो, हे मी मुद्दाम सांगतो. द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेल्या मुलाला वनस्पतिशास्त्राची ओळख करून घेणे शहरातल्या मुलापेक्षा सोपे आहे. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या मुलाला संतवाङ्मय सोपे आहे. आईबरोबर बचतगटाच्या बैठकीला जाणाऱ्या मुलीला व्याजाचे गणित सोपे आहे. असा सोपा विषय जरूर शोधा. त्याला मी स्वतः तुमच्याबरोबर यादी घेऊन बसेन.

अध्यक्षमहाराज, आपल्या अनुमतीने समितीच्या वतीने दोन गोष्टी सभेपुढे ठेवतो. पुढील वर्षापासून पारितोषिकाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: ऐच्छिक विषय कोणता घेतला व का, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने चार ओळींत लिहावे, आणि समितीने सरासरी पाहण्यापूर्वी त्या ओळी वाचाव्यात. जो पहाटे बाजारात राबतो त्याने तेच लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट खासगी आहे. गेल्या वर्षी जी ढाल द्यायची राहिली तिच्याऐवजी माझ्या निवृत्तिवेतनातून मी हिशेबशास्त्राची काही मराठी पुस्तके आणली आहेत. ती मंडळाच्या वाचनालयात ठेवावीत. कोणाच्या नावाने, ते पुस्तकावर लिहिलेले नाही. जिला कळायचे तिला कळेल.

बराच वेळ घेतला, मागून वरणाला फोडणी बसल्याचा वास येत आहे. चिटणिसांनी यंदाच्या पारितोषिकांची यादी वाचण्यास सुरुवात करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.